सुनेच्या हातावरची नक्षी

१ एप्रिल, सोमवार

आजपासून मेंदीची कामं मी करायची असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. बाकी दोघांनी माना खाली घातल्या, म्हणजे होकारच.

सकाळी फुलवाली आली होती. लग्नघरी हार-तोरणं तिची असतात, त्यामुळे कुठं काय शिजतंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळतं. तोंडानं फटकळ, पण पोटात काही नाही. म्हणाली, “वहिनी, लोक विचारतात हो अजून. तुमच्या सुनेसारखी मेंदी कुणाची नाही. पण आता तुम्हीच सांगा, नवरीचा हात विधवेच्या हातात कोण देईल?” सूनबाई आत मेंदीची पावडर चाळत होती. चाळणीचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

मुलगा जाऊन आठ महिने झाले. कावीळ झाली, अकरा दिवस दवाखान्यात होता. त्यापुढचं लिहीत नाही. यांच्या बाइंडिंगच्या दुकानात हल्ली कामापेक्षा धूळ जास्त. घर तरून होतं ते सूनबाईच्या मेंदीवर, आणि तीच बंद पडली.

मी विचारलं, “माझा हात चालेल ना? मी सवाष्ण आहे.”

“चालेल की. पण तुम्हाला येते का?”

“येईल. मॅट्रिकला चित्रकलेत पास झालेली आहे मी.”

फुलवाली पदर तोंडावर धरून हसली. हसू दे.

सूनबाईला सांगितलं, मेंदी तू भिजवायची, कोन तू भरायचे, मला शिकवायचं. लग्नघरी मी जाणार. ती म्हणाली, “बरं, आई.” पोर गुणाची आहे. कशालाच नाही म्हणत नाही.

३ एप्रिल, बुधवार

शिकणं चाललं आहे. खिडकीची जुनी काच आडवी ठेवून तिच्यावर काढते, आणि काढून झालं की सुरीनं खरवडून परत कोनात भरते. कागद नको, नासाडी नको.

माझी रेघ थरथरते. सूनबाई कोन धरते तेव्हा वाटतं तिला काही करावंच लागत नाही, रेघ आपण होऊन चालत येते. मी माझी पद्धत काढली. पान म्हणजे पाच दाब. कळी म्हणजे तीन. वेल म्हणजे सात वळणं, आठव्याला तोडायचं. असं मोजून मोजून सायंकाळपर्यंत एक पट्टा पुरा केला.

सूनबाई वाकून बघत होती. म्हणाली, “आई, ही वेल आहे की गांडूळ?” आणि हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हटलं, “दात काढायला काय झालं?” लगेच गप्प झाली. नंतर जप करताना जरा चुटपुट लागली. पण शेजारणीच्या कानावर तिचं हसणं गेलं असतं तर बोल तिलाच लागला असता. मी बोलले ते तिच्याच भल्यासाठी.

हातावर सराव हवा म्हणून मी तिचा हात ओढला होता. मग सोडून दिला. तिच्या हाताला आता रंग बरा दिसायचा नाही. माझ्याच डाव्या हातावर काढते.

७ एप्रिल, रविवार

सणाच्या आधी प्रार्थनेला जमणाऱ्या बायकांच्या हातावर मेंदी काढून आले. चौदा हात. देवाच्या दारातलं काम म्हणून सोपी नक्षी, बोटांची टोकं आणि मधे एक गोल. बऱ्यापैकी जमलं. एका म्हातारीनं विचारलं, “सून नाही आली?” दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. मी गोल पुरा करत राहिले.

घरी आल्यावर पाहिलं तर डब्यातली पावडर पुन्हा चमचाभर कमी. दुकानदार मापात मारतो आहे. पुढच्या वेळी समोर उभं राहून मोजून घेईन.

उकाडा फार आहे. सूनबाई मात्र मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून वावरते. म्हटलं, अगं घामोळं येईल. म्हणते, डास चावतात. तिच्या उशीच्या अभ्र्यावर तांबूस डाग पडले आहेत, साबणानं जात नाहीत. बहुतेक नळाच्या पाण्यात गंज येतोय.

१२ एप्रिल, शुक्रवार

मोठं काम आलं. वखारवाल्यांच्या मुलीचं लग्न वीस तारखेला. एकोणीसला मेंदी, दोन्ही हात कोपरापर्यंत. फुलवालीनंच जुळवून दिलं. वखारवाल्याची बायको म्हणजे लाकडाच्या पैशावर ताठ झालेली बाई. मला बसा म्हणायच्या आधी म्हणाली, “नक्षी नवी पाहिजे हं. कुणाच्या हातावर आम्ही बघितलेली असली तर चालायची नाही.” मुलगी मात्र गोड. आतून धावत आली, माझ्यापुढे दोन्ही तळहात पसरून म्हणाली, “काकू, बघून घ्या, मापं घ्या!” जसं काही मी पोलकं शिवणार आहे.

सूनबाईला नवी नक्षी काढायला बसवलं. दोन काढल्या. कडेची कामं अशी बारीक की नजर हटत नाही, पण दोन्हींत तळहाताच्या मधोमध मोकळं.

“हे असं मधेच रिकामं का?”

“तिथं काही सुचत नाही, आई.”

“लग्नाची मेंदी आहे. रिकामं दिसलं तर लोक काय म्हणतील?”

पुन्हा बसली. तिसरीतही तेच.

१५ एप्रिल, सोमवार

देवानंच सुचवलं. सूनबाई पाण्याला गेली होती. मी ट्रंकेतून तिच्या लग्नाचे फोटो काढले. एका फोटोत तिनं दोन्ही हात चेहऱ्यासमोर उघडे धरले आहेत, हातच हात दिसतात. काय काम आहे! स्वतःच्या उजव्या हातावर डाव्या हातानं आणि डाव्यावर उजव्यानं, सगळं तिनं स्वतः काढलेलं. लग्न तिच्या माहेरी झालं, तिथल्या चार माणसांखेरीज कुणी बघितलेलं नाही. मीसुद्धा तेव्हा पाहुण्यांच्या गडबडीत नीट पाहिलं नव्हतं. घरात सोनं असताना बाहेर शोधत होते.

फोटोवाल्याकडून मोठा करून आणला. यांच्या दुकानातला बटर पेपर वर ठेवून पेन्सिलीनं उतरवते आहे. प्रत्येक तुकड्याला आकडा घातला, म्हणजे हात चुकणार नाही. उजव्या हातावर दोनशे बारा तुकडे. तळहाताच्या बुडाशी, मनगटाच्या जरा वर, वेलीचा एक भलताच गुंता आहे. तिथंच दोन तास गेले. पण सोडला नाही. आहे तसा उतरवला, रेघेला रेघ.

यांनी पाहिलं. चष्मा लावून बराच वेळ कागद उजेडाकडे धरून ठेवला.

“ही सुनेच्या हातावरची ना?”

“हो.”

“तिला विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय? घरचीच आहे.”

“विचार तिला,” एवढं म्हणून दुकानात गेले. हे हल्ली दिवसाला दहा शब्द बोलतात, त्यातले तीन-चार असे वाया घालवतात.

विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती असं नाही. रडली असती. आणि रडण्यात दिवस गेला असता.

१८ एप्रिल, गुरुवार

सूनबाईनं चहाच्या पाण्यात मेंदी भिजवली, लिंबू पिळलं, निलगिरीचे थेंब टाकले. बोटानं उचलून धार बघितली. कोन भरताना म्हणाली, “कुठली नक्षी ठरली शेवटी?”

“आहे एक. तू त्यात पडू नकोस.”

“बरं. नवऱ्यामुलाचं नाव कुठं घालणार?”

“करंगळीखाली.”

“सरळ नका लिहू, आई. लगेच सापडतं. एकेक अक्षर एकेका पानात लपवायचं. काना शेजारच्या देठाला जोडून टाकायचा, वरची रेघ वेलीत सोडून द्यायची. शोधताना मजा आली पाहिजे. यांना माझ्या हातावर अर्धा तास लागला होता, शेवटी रडकुंडीला येऊन…”

“दोरा घट्ट बांध त्या कोनाला. मेंदी गळतेय.”

तिनं बांधला. तिला गेलेल्या गोष्टी काढू द्यायच्या नाहीत, असं मी ठरवलं आहे. उगाळल्यानं माणूस परत येत नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

अकरा ते साडेचार. बैठक मोडली नाही, पाणीसुद्धा एकदाच. आकड्याप्रमाणे एक ते दोनशे बारा, मग डावा हात. नवऱ्यामुलाचं नाव करंगळीखाली वेगळं घातलं. सूनबाईनं सांगितलं तसं फोडून लिहिणं मला जमेना, म्हणून सरळच लिहिलं आणि वर दोन पानं टाकली.

मुलीची बडबड अखंड. “काकू, नाक खाजतंय, खाजवा ना.” “काकू, तुमचा हात किती हलका! गुदगुल्यासुद्धा होत नाहीत.” मग मधेच हळू आवाजात, “त्या वहिनी का नाही आल्या? माझ्या मैत्रिणीच्या लग्नात त्यांनीच काढली होती. किती हसवायच्या.” तिच्या आईनं डोळे वटारले.

मेंदी पुरी झाल्यावर बायका गोळा झाल्या. वखारवाल्याच्या बायकोला नाव ठेवायला जागा मिळाली नाही. मला खुर्ची दिली.

मुलगा जाऊन इतके दिवस झाले, आज पहिल्यांदा पोटभर जेवले. देवापुढे डोकं टेकलं.

२१ एप्रिल, रविवार

आज झालं ते नीट लिहिते.

दुपारी फुलवाली धापा टाकत आली. काल लग्न पार पडलं. आज सकाळी नवऱ्यामुलाच्या घरी नाव शोधायचा खेळ मांडला. त्याच्या बहिणी, आत्या, सगळ्या भोवती. करंगळीखालचं नाव एका मिनिटात सापडलं. सगळ्या म्हणाल्या, हे काय, फारच सोपं. नवऱ्यामुलानं हात सोडला नाही, कौतुकानं नक्षी बघत राहिला. आता रंग चांगला चढला होता. आणि तळहाताच्या बुडाशी त्यानं दुसरं नाव वाचलं. पुरुषाचं.

आधी सगळ्या हसल्या म्हणे. मग कुणी हसेना. नवऱ्यामुलाच्या आईनं विचारलं, “हा कोण?” मुलगी म्हणाली, मला माहीत नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आता तिला एका खोलीत बसवलं आहे. एक तर तो कोण ते तिनं सांगावं, नाही तर बापानं येऊन घेऊन जावं.

“कुठलं नाव?” मी विचारलं.

फुलवालीनं दार लोटलं, मग नाव घेतलं. या घरात आठ महिने कुणी ते मोठ्यानं घेतलेलं नाही.

“तिथं ते कुणाला माहीत नाही, वहिनी. मला माहीत आहे. मी त्याला खेळताना बघितलंय. काय करून बसलात तुम्ही?”

२२ एप्रिल, सोमवार

बटर पेपर पुन्हा काढला. उजेडाकडे धरला. एकशे एकसष्ट ते एकशे चौसष्ट. चार पानं, चार अक्षरं. शेवटच्याचा काना देठाला जोडलेला आहे.

मी स्वतः उतरवलं. त्यावर आकडे घातले. मॅट्रिक झालेली बाई मी, आणि माझ्याच मुलाचं नाव मला वाचता आलं नाही.

सूनबाईला म्हटलं, “तुला ते नाव असं लिहून ठेवायची काय गरज होती?”

तिला आधी काही कळेचना. कागद दाखवला, सगळं सांगितलं. ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आई, माझं लग्न होतं.”

काय करावं? सांगितलं, तर मेलेल्या माणसाचं नाव नव्या नवरीच्या हातावर काढलं असं होईल. त्याहून मोठा अपशकुन नाही. त्या मुलीला काय म्हणतील आणि आम्हाला पुन्हा कोण दारात उभं करील? नाही सांगितलं, तर तिच्यावर आळ. पण मेंदीच ती, पंधरा-वीस दिवसांत उतरते. रंग गेला की लोकही विसरतील. फुलवाली म्हणते, वेलीचा गुंता अक्षरांसारखा दिसला म्हणून सांगा. ते खोटं होईल. खोटं बोलण्यापेक्षा काही न बोलणं बरं, असं मला वाटतं. आज जपात मन लागलं नाही.

२३ एप्रिल, मंगळवार

सकाळी सूनबाई म्हणाली, “मी जाऊन सांगून येते.”

“तू? चार दिवस नाही झाले लग्नाला. त्या घराच्या पायरीवर तू?”

“मग तुम्ही चला, आई. ती पोरगी परवापासून कोंडलेली आहे.”

“आज माझा उपास आहे. उद्या बघू.”

तिनं वाद घातला नाही. मी आपली सावधगिरी म्हणून तिच्या चपला उचलून कोठीच्या खोलीत टाकल्या. जप संपवून बाहेर आले तर घरात कोणी नाही. तिच्या चपला कोठीतच. मुलाच्या चपला मी दाराआड तशाच ठेवल्या होत्या, त्या नव्हत्या. दुकानाला कुलूप होतं. हे तिच्याबरोबर गेले.

२५ एप्रिल, गुरुवार

यांच्याकडून थोडं थोडं करून काढून घेतलं, ते लिहिते.

सूनबाई आत गेली नाही. पायरीखाली उन्हात उभी राहिली आणि तिथूनच सांगितलं, की हे माझ्या नवऱ्याचं नाव, नक्षी माझ्या लग्नाची, चुकून उतरली, मुलीचा काही संबंध नाही. त्यांना पटेना. लग्नाचा फोटो दाखवला. नवऱ्यामुलाची आई म्हणाली, फोटोत काय, काहीही दिसतं. मग तिनं बाही वर केली.

“तिच्या दंडापर्यंत होतं,” हे म्हणाले.

“काय?”

“त्याचं नाव. पानापानांतून. काही जुनं, काही ताजं.”

पावडर का कमी पडत होती ते तेव्हा कळलं. दुकानदाराला मी उगीच बोल लावला.

नवऱ्यामुलाला पटलं. त्यानं आपण होऊन खोलीची कडी काढली. पण त्याची आई “गेलेल्या माणसाचं” हे ऐकल्याबरोबर दोन पावलं मागं सरली. आळ गेला आणि अपशकुन आला. ती म्हणाली, ते नाव हातावरून जाईपर्यंत सून या घरात नको, मुलीनं माहेरी जाऊन राहावं. आणि दुसऱ्या दिवशी आईबाप आले तेव्हा तिला वखारीच्या गाडीत बसवून दिलं.

मी यांना विचारलं, “कागद कुणी उतरवला ते सुनेनं सांगितलं?”

“नाही. चुकून उतरली, एवढंच म्हणाली.”

“तुम्ही?”

हे उठले आणि दुकानाची किल्ली घेऊन गेले.

२८ एप्रिल, रविवार

वखारवाल्याची बायको दारात येऊन नाही नाही ते बोलली. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. “त्या पांढऱ्या पायाच्या बाईनं मुद्दाम घातलं! हिचं कुंकू पुसलं, आता माझ्या पोरीचं पुसायला निघाली! लिंबू चोळून चोळून माझ्या पोरीच्या हाताची साल निघाली!”

मी काही बोलले नाही. बोलून झालं की जाईल, असं वाटलं. सूनबाई दाराच्या मागेच उभी होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

सायंकाळी तिनं नेहमीसारखा स्वयंपाक केला. स्वतः जेवली नाही. उन्हाची बाधा असेल.

२ मे, गुरुवार

सूनबाईचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. तिनंच पत्र घातलं होतं म्हणे. मी म्हटलं, चार दिवस जाऊन ये, हवापालट होईल. ती पाया पडली. म्हणाली, “आई, निलगिरीचं तेल संपत आलंय. कोन कोरड्या डब्यात ठेवा.” यांच्या पाया पडली तेव्हा यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो काढेचनात. भावानं घड्याळ बघितलं.

ट्रंकेतले फोटो तिनं नेले. तिचेच होते. मी काही हरकत घेतली नाही.

आठवडाभरात येईल परत.

९ मे, गुरुवार

आलेली नाही. फुलवालीही येत नाही, रस्त्यात दिसली तर पलीकडून जाते.

आज दुपारी दार वाजलं. वखारवाल्यांची मुलगी. एकटीच होती. चेहरा उतरलेला, हात पदराखाली.

“काकू, त्या वहिनी आहेत?”

“माहेरी गेली आहे.”

“मला त्यांना भेटायचं होतं. त्या दिवशी माझ्या बाजूनं त्या एकट्याच बोलल्या. माझे आईबाबासुद्धा दुसऱ्या दिवशी आले.”

तिला पाणी दिलं. ती बसली नाही. म्हणाली, नवरा गाडी घेऊन कोपऱ्यावर थांबला आहे. सासूनं निरोप पाठवला आहे, नाव गेलं असेल तर आजच ये, हात ती स्वतः बघेल आणि नाव राहिलं असेल तर परत पाठवील. या वेळी परत आली तर कायमची.

“मला स्वतःला आता कळत नाही, काकू. बघून बघून डोळे फिरलेत. कधी वाटतं गेलं, कधी वाटतं आहे. घरातलं कोणी खरं सांगत नाही. काढलं तुम्ही, तुम्हाला नेमकी जागा माहीत आहे.” आणि उजवा हात पुढं केला. “आहे का अजून?”

मी खिडकीपाशी नेला. चोळून चोळून कातडी लाल झालेली. बोटांवरचं सगळं उतरलं होतं, नवऱ्यामुलाचं नावही. बुडाशी मात्र होतं. पहिली दोन अक्षरं गेली होती. तिसरं ज्याला माहीत असेल त्यालाच दिसलं असतं. चौथ्याचा काना आणि त्याला जोडलेलं देठ, फिकट नारिंगी, तेवढं राहिलं होतं. उद्या तेही नसतं.

“काकू?”

“काही नाही,” मी म्हटलं. “साफ गेलं आहे. सासूला सांग, मी बघितलं.”

देवाची शपथ घ्यायला तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घेतली असती.

तिनं डोळे पुसले. पुसले डाव्या हातानं. उजवा माझ्याकडेच होता. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, थांबला, परत वाजला.

“काकू,” ती म्हणाली, “हात सोडा ना. ते थांबलेत.”